हिंगण्याचं वावर: मोटर जळली, दुर्लाव सापडला

मागच्या दोन नोंदींत मी ज्या ‘दूरच्या पंपाच्या घरघरी’वर कुरकुरत होतो, तो पंप नाहीच. दुर्लाव आहे, लाव्यासारखा दिसणारा जमिनीवरचा छोटा पक्षी. मादी.

तान्ह्या पोळ्याची सकाळ. अख्खं नागपूर मारबतीच्या मिरवणुकीमागे आणि मी मामाच्या वावरात, पऱ्हाटी (कपाशी) आणि सोयाबीनच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. साडेसहाला पुन्हा तेच. ड्र्र्र्र्र… लांब कुणी फटफटी रेस करत बसल्यासारखं, दहा-पंधरा सेकंद, मग गप्प. पावसाने खंड दिल्यापासून शेजारची मोटर चालू असते, म्हणून आवाज कायम तिच्याच नावावर मांडला होता. शेवटी सालदाराला म्हटलं, “काका, अर्धा तास मोटर बंद ठेवता का?”

“मोटर? थे त जयली भाऊ, चार रोज झाले.”

मी तिथेच धुऱ्यावर बसलो. पावसाळी लावा असता तर तुटक ‘व्हिट-व्हिट’ आलं असतं. रातकिड्याची किरकिर वरच्या पट्टीतली, हा तर पक्का खर्ज. दुर्लावात घुमते ती मादी, काळा गळाही तिचाच. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं नराकडे. वाचलेलं सगळं होतं, पण कान उघडायला मोटर जळावी लागली.

पुढची चाळीस मिनिटं मात्र छळ. खर्जाला दिशाच नसते. डावीकडे गेलो की उजवीकडून, उजवीकडे वळलो की पायाखालून. सात-दहाला सोयाबीनच्या दोन ओळींमधल्या ओल्या सरीत ती आली. मूठभर जीव, काळा गळा, पांढुरका डोळा. एक पाय उचलून थबकली, अंग मागेपुढे झुलवलं आणि पानांत शिरली. फोटोत सोयाबीनचं पान अप्रतिम आलंय, शेंगेवरची लव मोजता येते. मागे तपकिरी डाग, तोच आमचा दुर्लाव.

रेकॉर्डिंगची तीच गत. फोन खर्ज खाऊन टाकतो, उरला वारा आणि एक कोतवाल पक्षी. माइकसाठी ऑनलाइन मागवलेलं केसाळ टोपरं एक साइज लहान निघालं. त्यापेक्षा भांडी घासायचा नवा स्पंज कापून रबरबँडने बांधला, तो बरा चालतो. दहा रुपये.

बाकी थोडक्यात. विहिरीवरच्या बाभळीत सुगरणीची अकरा घरटी, चार अजून हेल्मेट अवस्थेत, म्हणजे अर्धवट विणलेली. नर लटकून पंख फडफडवतायत, मादी येते, आत डोकावते, निघून जाते. सोयाबीनवर पँटाला जातीच्या चतुरांचा थवा, मोजायचा नाद सोडला. रुईवर बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या. भोरड्या पक्ष्यांची पहिली टोळी, नऊ.

रविवारी भोवत्यांसाठी (हे शिकारी पक्षी) उमरेड रोडला जायचं ठरलं होतं. ते रद्द. त्या सरीत चाळलेली माती पसरून पायाचे ठसे घेतो. दुर्लावाला मागचं बोट नसतं… नाही, लाव्याचंही मागचं बोट दर वेळी उमटत नाही, त्याने काही सिद्ध होणार नाही. त्यापेक्षा दोन फोन दोन टोकांच्या धुऱ्यांवर ठेवून कुठे आवाज मोठा येतो ते बघावं, आणि मग मधे कुठेतरी गप बसावं. रविवारपर्यंत थांबूनही चालायचं नाही. मोटर वाइंडिंग होऊन गुरुवारी परत येतेय. बुधवारी पहाटे कोण येतंय?