चौथा 'सबब'

मंगळवार, रात्री साडेनऊ

बँकेत उपमहाव्यवस्थापक झाल्याला आज सात महिने झाले आणि आज पहिल्यांदाच एक कर्ज प्रस्ताव मी एकही शब्द न बदलता पुढे पाठवला. वास्तविक कोणी किती रकमेपर्यंतचे कर्ज मंजूर करायचे, याचा तक्ता आमच्या संचालक मंडळाने केव्हाच ठरवून दिलेला आहे. तो मोडत होते ती मीच, कारण शाखाधिकाऱ्यांच्या मर्यादेतली प्रकरणेही 'जरा नजरेखालून घालते' असे म्हणून मी मागवून घेत असे.

बावीस वर्षे छाननी केल्यामुळे कॅश क्रेडिटची, म्हणजे माल आणि येणी यांच्या तारणावर लागेल तशी उचल करता येणाऱ्या कर्जाची, फाइल उघडली की उधारीवर आणलेला माल साठ्यातून वजा केला आहे का, ९० दिवसांपेक्षा जुनी येणी धरलेली नाहीत ना, आणि कर्जदाराचा स्वतःचा वाटा म्हणून २५ टक्के मार्जिन सोडल्यावर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्याला उचलता येणारी रक्कम, बरोबर येते का, हे डोळे आपोआप पाहतात. तेवढ्यावर थांबले असते तर ठीक होते; पण आकडे बिनचूक असले तरी मी वाक्ये बदलत राही. त्याचे फळ गेल्या महिन्यात मिळाले. एका तरुण अधिकाऱ्याने ड्रॉइंग पॉवर न काढताच फाइल पाठवली आणि विचारल्यावर अगदी निर्मळपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही पुन्हा काढताच ना!" रागावायला मला तोंडच उरले नव्हते.

आजचा प्रस्ताव त्याचाच. कर्जदाराने उलाढाल जवळजवळ दुप्पट झाल्याचे दाखवले होते. हा मात्र कारखान्यात जाऊन वर्षभराची वीजबिले घेऊन आला आणि वापर जागच्या जागीच असल्याचे दाखवून त्याने मर्यादावाढ नाकारण्याची शिफारस केली. टेबलाशी बसून मी ताळेबंद वाचला असता. मीटरपर्यंत मी गेले असते का, याची खात्री देता येत नाही. टिपणीत 'सबब' हा शब्द चार वेळा आला आहे आणि चौथा तर अगदीच अनावश्यक आहे, तरीही पेनाचे टोपण मी काढले नाही.

थकबाकी ९० दिवसांच्या उंबरठ्यावर आलेल्या, म्हणजे अनुत्पादक ठरण्याच्या बेतात असलेल्या, खात्यांची यादी मात्र दर सोमवारी माझ्याकडेच येईल. ती सोडण्याइतकी मी अजून शहाणी झालेली नाही.

गुरुवारी कर्ज समितीपुढे प्रस्ताव तो अधिकारीच मांडणार आहे. मी शेजारच्या खुर्चीत असेन. पाण्याचा पेला जवळ ठेवायला सांगितले आहे, म्हणजे मध्येच बोलावेसे वाटले तर घोट घेता येईल.