तुम्ही विचारलंत म्हणून: हॅरोतली आपली माणसं टोरींना मत का देतात

उन्हाळ्यात पुण्या-ठाण्याहून कुणी लंडनला आलं की दोन-तीन दिवस हवा, ट्यूबचं भाडं आणि इथल्या कोथिंबिरीची जुडी यांवर निघून जातात. मग एका रात्री जेवताना प्रश्न येतोच. "तुम्ही सगळे स्वतः बाहेरून आलेले. बाहेरचे नकोत म्हणणाऱ्या टोरींना, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला, तुमच्याकडची माणसं मत कशी देतात?" ऑफिसातले इंग्रज हेच जरा आडून विचारतात. दोघांच्याही आवाजात एक सूर असतो, आपल्या माणसांनी कुठेतरी गद्दारी केल्याचा. त्या सुराचा मला राग येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी माझ्याबद्दल. मी लंडनच्या वायव्येला, हॅरो भागात, छोट्या धंद्यांचे हिशेब ठेवते. फार्मसी, किराणा, टॅक्सी, एखादं केस कापायचं दुकान. जानेवारीच्या शेवटी रिटर्न भरायची तारीख जवळ आली की माणसं पावत्यांच्या पिशव्या घेऊन समोर बसतात आणि कराबरोबर राजकारणही बोलतात. मी स्वतः टोरींना मत देत नाही. बहुतेक वेळा लेबर, म्हणजे मजूर पक्ष, एकदा रुसून लिबरल डेमोक्रॅट. तेव्हा पुढचं वाचून माझ्या हातात कुणाचं वकीलपत्र आहे असं समजू नका.

या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे आणि ते इथे सगळ्यांना पाठ आहे. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई, बहुतेक गुजराती, लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. तेव्हा ब्रिटनमध्ये एडवर्ड हीथ यांचं टोरी सरकार होतं आणि त्याने सुमारे २८,००० माणसं घेतली. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेने तर 'युगांडा आर्गस' या तिथल्या वृत्तपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्याकडे येऊ नका, जागा नाही. त्याआधी १९६८ मध्ये केनियातल्या आशियाई लोकांच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट असूनही त्यांची वाट अडवणारा कायदा घाईघाईने आणला तो लेबर सरकारने. म्हणजे दार लावलं लेबरने, उघडलं टोरींनी, आणि गुजराती माणूस उपकार विसरत नाही. गोष्ट छान आहे. त्यातली प्रत्येक घटना खरीही आहे.

पण हीच माणसं त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं भरभरून लेबरला मत देत होती, त्याचं काय करायचं? गुजराती वस्तीच्या लेस्टर ईस्ट मतदारसंघातून लेबरचे कीथ वाझ १९८७ पासून निवडून येत होते. २०१७ मध्ये त्यांचं मताधिक्य २२,००० च्या वर होतं. आमच्या हॅरो ईस्टमध्ये १९९७ ते २०१० लेबरचाच खासदार होता. उपकाराची आठवण तीस वर्षं झोपून मग एकदम जागी होत नाही. मत बदललं आधी, हीथसाहेबांची गोष्ट नंतर त्याला चिकटवली गेली. माणसाला स्वतःच्या मतामागे एखादी उदात्त कथा असावीशी वाटते, त्यात वावगं काही नाही.

मग खरं काय झालं? माझ्याकडे एक काका येतात, पंच्याहत्तरीच्या पुढचे, केनियातल्या किसुमूहून तरुणपणी आलेले. इथे आधी कारखान्यात पाळ्या केल्या, मग वर्तमानपत्रं आणि सिगारेटी विकायचं दुकान घेतलं. पहाटे साडेचारला पेपरचे गठ्ठे फोडायचे, रात्री नऊला शटर खाली. कारखान्यात होते तेव्हा युनियन आणि लेबर. दुकान झालं, घराचं कर्ज फिटलं, मुलगा दातांचा डॉक्टर झाला आणि काका टोरी झाले. त्यांना मार्गारेट थॅचर यांचं एकही भाषण आठवत नाही. बाईही वाण्याचीच मुलगी, एवढं मात्र ते न चुकता सांगतात.

या काकांना वारसा कराची भयंकर धास्ती आहे. इथे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर ४० टक्के कर लागतो. तो सुरू होण्याची मर्यादा ३,२५,००० पौंड. २००९ पासून ती हललेली नाही. घरांच्या किमती मात्र कुठल्या कुठे गेल्या. पण राहतं घर मुलांना जात असेल तर जादा सवलत मिळते, आणि नवरा-बायकोची मिळून एकूण दहा लाखांपर्यंत सुटका होऊ शकते. मी कागदावर बेरीज-वजाबाकी करून दाखवते, की काका, तुम्हाला हा कर लागतच नाही. ते मान डोलावतात, चष्मा काढतात आणि म्हणतात, "आज नाही लागत."

माझ्या मते सगळं या तीन शब्दांत आहे. टोरींना मत देणारे श्रीमंत असतात हा गैरसमज आहे. निदान माझ्यासमोर बसणारे तरी नसतात. ते नुकतेच कुठे टेकलेले असतात. ज्याच्याकडे सात पिढ्यांचं आहे तो सरकारला घाबरत नाही, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला सरकारकडून काहीतरी हवं असतं. मधला जो आहे, ज्याने एकाच आयुष्यात सगळं उभं केलं आणि त्यातही एकदा युगांडातल्या कंपालात किंवा जिंजात सगळं सोडून निघालेली माणसं स्वतःच्या घरात पाहिली, त्याला सरकारने फक्त हात लावू नये असं वाटतं. त्याचं मत बक्षीस म्हणून पडत नाही. आहे ते हलवू नका, एवढंच तो सांगत असतो.

गंमत पाहा. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात लेबरच्या अर्थमंत्री रेचेल रीव्हज यांनी जाहीर केलं, की एप्रिल २०२७ पासून न वापरलेली पेन्शनची पुंजीही वारसा कराच्या हिशेबात धरणार. संध्याकाळी काकांचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "बघितलंस?" एवढंच.

त्याच अर्थसंकल्पात मालकाने नोकरामागे भरायच्या नॅशनल इन्शुरन्सचा, म्हणजे सरकारी विम्याच्या वर्गणीचा, दर १३.८ वरून १५ टक्के झाला, आणि तो लागू होण्याची पगाराची मर्यादा ९,१०० वरून ५,००० पौंडांवर आली. दुकानदार हवालदिल. पण छोट्या मालकांना मिळणारी वार्षिक सूट त्याच वेळी ५,००० वरून १०,५०० पौंड केली होती. एक-दोन माणसं कामाला असलेल्या माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांचं बिल त्यामुळे कमी झालं किंवा शून्यावर आलं. मी हे समजावून सांगितलं. एकानेही लेबरला धन्यवाद दिले नाहीत. पंधरा टक्के टीव्हीवर ऐकलेले असतात. सूट माझ्या एक्सेलमध्ये असते. यात लेबरचाही दोष आहेच. दुकानदाराशी कसं बोलावं हे त्या पक्षाला अजून जमलेलं नाही.

आता जरा केंटन रोडवर या. या रस्त्याच्या बऱ्याच लांबीला एका बाजूला हॅरो आणि दुसऱ्या बाजूला ब्रेंट आहे. दोन्हीकडे तीच फरसाणाची दुकानं, तीच मंदिरात जाणारी माणसं. हॅरो ईस्टचे खासदार टोरींचे बॉब ब्लॅकमन. पलीकडे ब्रेंटमध्ये लेबरचे बॅरी गार्डिनर, वर्षानुवर्षं निवडून येणारे. दोघांनाही २०२० मध्ये भारत सरकारने पद्मश्री दिली. दोघेही नवरात्रात दिसतात. गार्डिनर यांच्याकडे पाहून सांगते, नवरात्रात दिसण्याला पक्ष लागत नाही.

ब्लॅकमन यांचं मताधिक्य २०१७ मध्ये १,७५७ होतं, २०१९ मध्ये ८,१७० झालं. जुलै २०२४ मध्ये टोरी पक्ष १२१ जागांवर आला, इतका खाली तो कधीच आला नव्हता, तेव्हा या मतदारसंघात मताधिक्य वाढून ११,६८० झालं. सगळ्या देशात टोरी उमेदवाराला निम्म्याहून जास्त मतं पडली ती फक्त इथे. समोरचा लेबरचा उमेदवार पटेल आडनावाचा होता, हे विशेष. म्हणजे 'आपला माणूस' हेही कारण नव्हे. ऋषी सुनक २०२२ च्या दिवाळीत पक्षाचे नेते झाले तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले, माझ्या ऑफिसातही आले. पण पेढे खाणाऱ्या सगळ्यांनी टोरींना मत दिलं असं मुळीच नाही.

धर्माचा भाग आहे का? आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये लेबरच्या अधिवेशनात काश्मीरवर भारताला खटकणारा ठराव झाला आणि डिसेंबरच्या निवडणुकीआधी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दुसरा विषयच नव्हता. लेस्टर ईस्टमध्ये लेबरचं मताधिक्य त्या वर्षी २२,००० वरून ६,००० वर घसरलं. २०२४ मध्ये लेबरने देश जिंकला, पण ही एक जागा टोरींच्या शिवानी राजा यांनी लेबरकडून काढून घेतली आणि गीतेवर हात ठेवून शपथ घेतली. तिथे कीथ वाझ 'वन लेस्टर' या छोट्या पक्षाकडून आणि आधीच्या खासदार क्लॉडिया वेब अपक्ष अशा दोघेही उभे होते, मतं फुटली, हेही सांगायला हवं. आणि आमच्या काही दिवाणखान्यांत मुसलमानांबद्दल जे बोललं जातं ते मी इथे लिहिणार नाही. मी तेव्हा उठून चहाची भांडी आवरायला लागते. हे कारण खरं आहे, पण त्यावरच सगळं ढकललं तर आमचे काका सुटून जातात, आणि काका संख्येने जास्त आहेत.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा खिळा: बाहेरून आलेल्याने बाहेरच्याला अडवावं का? इथे मी तुम्हाला एक हिशेब दाखवते. कामाच्या व्हिसावर आलेल्या माणसाला पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स भरून वर सरकारी आरोग्यसेवेसाठी वेगळा हेल्थ सरचार्ज द्यावा लागतो. २०१५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये टोरी सरकारने तो १,०३५ केला, मुलांसाठी ७७६. दोन मोठी, दोन लहान असं चौघांचं कुटुंब पाच वर्षांसाठी धरा: १८,११० पौंड. यात व्हिसाची फी नाही, वकील नाही, शेवटी कायमच्या वास्तव्याची माणशी जवळपास तीन हजारांची फी नाही. हे सगळं भरून, दर वेळी पोटात गोळा घेऊन कागद लावून जो माणूस पार पडला, त्याला छोट्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडून आलेल्याबद्दल काय वाटत असेल? २०२२ मध्ये असे ४५,००० हून जास्त आले. त्यांतल्या अनेकांची कहाणी किसुमूच्या काकांपेक्षा भयानक असेल. मला तसंच वाटतं आणि मी ते बोलतेही. पण रांगेत उभा राहिलेला माणूस रांगेचाच कैवारी होतो. रांग ज्याने लांबवली त्याच्यावर तो चिडत नाही, मधे घुसणाऱ्यावर चिडतो. टोरींना हे नीट कळलं होतं. प्रीती पटेल यांचे आईवडील युगांडातले गुजराती. गृहमंत्री असताना, २०२० मध्ये, आपल्याच नव्या नियमांखाली आपल्या आईवडिलांना कदाचित प्रवेश मिळाला नसता हे त्यांनी रेडिओवर मान्य केलं. इंग्रज पत्रकारांना वाटलं, बाई सापडली. आमच्या गल्लीत ते उत्तर ऐकून कुणाची भुवईही हलली नाही.

आणि पुण्या-मुंबईहून येऊन हे विचारणाऱ्यांना मला दरवेळी माझ्या आजोळाची आठवण करून द्यावीशी वाटते. रत्नागिरीतून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून परळच्या चाळीत एका खोलीत दहा जण राहिलेली माणसं. १९६६ नंतर तीच माणसं उडप्याच्या हॉटेलाकडे बोट दाखवून बाहेरचे, बाहेरचे म्हणत होती. आपल्याच भाषेच्या मुलखात आली होती, हा फरक आहे आणि तो मी मानते. पण त्यांना कुणी जेवताना हा प्रश्न विचारला नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नातच चुकीची गृहीत धरलेली असते. भारतीय वंशाचे सगळे इथे टोरी झालेत असं नाही. २०२१ मध्ये कार्नेगी संस्थेने केलेल्या पाहणीत लेबरशी नातं सांगणारे दहात चार होते, टोरींशी दहात तीन. हिंदू टोरींकडे जास्त झुकलेले, शीख आणि मुसलमान लेबरकडे. हॅरो म्हणजे ब्रिटन नव्हे. उलट बाजूनेही पाहा: टोरी मतदार म्हणजे आपले काकाही नव्हेत. बोल्सोव्हरसारख्या जुन्या कोळसा खाणींच्या भागाने १९७० पासून निवडून दिलेल्या लेबरच्या डेनिस स्किनर यांना २०१९ मध्ये घरी बसवलं. ब्रेक्झिट होतंच. पण अशा गावांतही आता खाण बंद होऊन पिढी गेलेली आहे, आणि १९८० च्या कायद्याने सरकारी घर सवलतीत विकत घेतलेली कुटुंबं आहेत. त्यांची मुलं त्या घरांच्या दारांना स्वतःच्या आवडीचा रंग लावतात. काकांची आणि त्यांची भेट झाली तर क्रिकेट सोडून बोलायला विषय सापडणार नाही. मतपत्रिकेवर फुली मात्र एकाच ठिकाणी.

नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींचं वेगळं आहे. आयटीतली, हॉस्पिटलातली, पश्चिम लंडनकडच्या स्लाउ आणि हाउन्स्लोत भाड्याने राहणारी. त्यांच्यातल्या अनेकांना ठाऊकच नसतं, की भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला व्हिसावर असतानाही पार्लमेंटच्या निवडणुकीत मत आहे. नाव नोंदवायचं, फोटोचं ओळखपत्र न्यायचं, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची. मी सांगते तेव्हा ती हसतात, त्यांना थट्टा वाटते. टोरींनी त्यांचा सरचार्ज वाढवला, व्हिसासाठी लागणारी पगाराची अट एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर नेली. मग लेबर आलं, आणि मे २०२५ मध्ये कायमच्या वास्तव्यासाठीची पाच वर्षांची मुदत दहावर न्यायचा प्रस्ताव त्याने मांडला. परवा अशीच एक मुलगी कराचे कागद घेऊन आली होती, चार वर्षं झालेली. तिने विचारलं, "ताई, मग मत द्यायचं कुणाला?" शेजारच्या खुर्चीवर काका आपली पिशवी घेऊन बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी तिला विचारलं, "घर घेतलंस का?"