आठ मिनिटं नुसतं ऐकायचं

हवाईतल्या हिलो गावी विमानातून उतरल्यावर पहिला पक्षी दिसला तो कोणता? साळुंकी! पार्किंगमध्ये दोघी कचाकचा भांडत होत्या, आपल्या एसटी स्टँडवर भांडतात तशाच. एवढं भाडं भरून हवाई गाठायचं आणि बघायचं काय, तर साळुंकी. पण तीही इथली नव्हेच. शेतातल्या अळ्या खाईल म्हणून 1865 साली तिला भारतातून आणून इथे सोडली. चिमणी, ठिपकेवाला होला, चष्मेवाला, सगळी बाहेरूनच आलेली मंडळी. दोन दिवस हिलोत फिरले, पण मूळचा एकही रानपक्षी दिसला नाही. डास मात्र यथेच्छ चावले.

या दोन गोष्टींचा संबंध आहे. 1826 च्या सुमारास जहाजावरच्या पाण्याच्या पिंपांतून डास इथे पोचला. त्याआधी या बेटांवर डासच नव्हता. पुढे त्याला पक्ष्यांच्या मलेरियाची जोड मिळाली. इइवी नावाच्या लालभडक पक्ष्याला मलेरियाचा एक डास चावला, तरी दहातले नऊ जगत नाहीत. म्हणून हे पक्षी आता उरलेत ते बहुतेक उंचावर, जिथे थंडीमुळे डासाचं फारसं चालत नाही.

आम्ही निघालो होतो ते अशाच उंचावर, मौना केआ या डोंगराच्या पूर्व उतारावरच्या हाकालाऊ अभयारण्यात. 1985 साली खास रानपक्ष्यांसाठी राखलेलं हे जंगल. 1987 पासून इथे दरवर्षी पक्ष्यांची गणना होते. माझं काम हरकाम्याचं: पाठीवर ओझं, हातात तक्ता आणि गटप्रमुख बाई सांगतील ते लिहायचं. वरच्या रस्त्याबद्दल लिहीत नाही, कंबर अजून बोलतेय. जंगलात शिरण्याआधी बूट ब्रशने घासून त्यावर अल्कोहोल मारलं. ओहिआची झाडं मारणारी बुरशी या बेटावर आहे, ती तळव्यांना चिकटून आत जायला नको.

पहिला दिवस नुसता सरावाचा. ही गणना डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त होते. आवाज आला की पक्षी ओळखायचा आणि तो किती मीटरवर आहे तेही सांगायचं. मी एकदा ठामपणे “चाळीस” म्हटलं. बाईंनी लेझरचं यंत्र त्या झाडावर रोखलं: बावीस! धुक्यात मला तो आवाज लांबचा वाटला होता. संध्याकाळपर्यंत माझा सगळा तोरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुरुवात. रानातून आखलेली सरळ रेघ, तिच्यावर दीडदीडशे मीटरवर फिती बांधलेले थांबे. प्रत्येक थांब्यावर आठ मिनिटं उभं राहायचं. खोकायचं नाही, जॅकेटची चेनसुद्धा ओढायची नाही. आपापाने नावाचे पक्षी एकाच वेळी चारही बाजूंनी गात होते, त्यातला कोणता आधीच मोजलेला हे ठरवताना बाईंच्या कपाळावर आठ्या. मग इइवी बोलला. आजोळच्या विहिरीवरचा रहाट तेल नसलं की कुरकुरायचा, थेट तो आवाज. आणि धुक्यातून ओहिआच्या लाल फुलांवर तो लाल पक्षी उतरला, आकड्यासारखी वाकडी चोच फुलात खुपसून. मी लिहायची थांबले, आणि बाईंचं कोपर खाल्लं.

अंतर कशाला लागतं, हे मला तिथेच उमगलं. जवळचा पक्षी सहसा सुटत नाही, लांबचे सुटतात. अंतर वाढेल तसे किती सुटत गेले, याचा हिशोब त्या मीटरांवरूनच बांधतात आणि हेक्टरी पक्षी किती ते काढतात. म्हणजे ऐकू न आलेलेही हिशोबात येतात. आधी मला हे थोतांड वाटलं होतं.

सातव्या थांब्यावर दूर कुठेतरी टकटक झाली. अकिआपोलाआउ पक्षी तर नव्हे? त्याची खालची चोच आखूड नि सरळ, टोचायला. वरची लांब नि वाकडी, भोकातली अळी काढायला. सुतारपक्षी या बेटांवर नाहीच, त्याचं काम हा करतो. फार दुर्मीळ. मी डोळे विस्फारून बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. खात्री नाही, लिहायचं नाही. आठ मिनिटं संपली, टकटक पुन्हा आली नाही, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका पक्ष्यासाठी पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं.

साडेदहाच्या सुमारास खालून ढग चढले, वारा सुटला, पाठोपाठ पाऊस. अशा हवेत मोजत नाहीत, पक्षी असूनही ऐकू येत नाहीत. दोन थांबे राहून गेले. मी तक्त्यात त्यांच्यापुढे शून्य टाकायला गेले, तर बाईंनी हात धरला. शून्य म्हणजे ऐकलं आणि कोणी नव्हतं. इथे आपण ऐकलंच नाही. रकाना कोरा ठेव, म्हणाल्या, आणि तक्ता प्लास्टिकच्या पिशवीत सरकवून उताराला लागल्या.