कुशावतीच्या काठाने: उसगाळीमळ ते चांदर

गोव्याला आलेली आपली मंडळी मंगेशी, शांतादुर्गा आणि जुने गोवे करून परततात. ते पाहावंच, पण एक अख्खा दिवस दक्षिण गोव्यातल्या कुशावती नदीसाठी राखून ठेवा. मडगावहून केपेमार्गे रिवण आणि तिथून पुढे उसगाळीमळ. या जागेला पणसायमळ असंही म्हणतात, त्यामुळे वाट विचारताना दोन्ही नावं सांगा.

नदीच्या वळणावर जांभ्याचा सपाट कातळ पसरलाय आणि त्यावर कोरलेली चित्रं: बैल, हरणं, मोर, माणसं आणि वर्तुळात वर्तुळ फिरत जाणारा एक चक्रव्यूह. जगाला ही १९९३ साली कळली. गावकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होती. काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, काही हजार वर्षं मात्र नक्की. मी सगळ्यात जास्त वेळ एका बैलापाशी बसलो. वशिंडाचा उंचवटा, तिथून खाली उतरणारी पाठ, पुढे झुकलेली शिंगं. जांभा भुसभुशीत, भोकाभोकांचा दगड. त्यावर इतकी ठाम रेघ ओढणाऱ्याने तो बैल रोज जवळून पाहिला असणार. रत्नागिरीची कातळशिल्पं पाहिलेल्यांना इथे ओळखीचं काहीतरी भेटेल. युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीतही कोकणातल्या कातळशिल्पांसोबत ही जागा आहे.

सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. भर दुपारी सावली पडत नाही आणि रेघा दिसेनाशा होतात. कातळावर थोडं पाणी शिंपडलं की आकृत्या उठून दिसतात. खडूने मात्र कोणी रंगवू नये, ते पाहून जीव तुटतो. चपला काढा, रेघांवर पाय देऊ नका. भर पावसाळ्यात नदी कातळावर चढते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाणी आणि खाणं केप्यातूनच घ्या आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा.

परतताना रिवणच्या गुंफा आहेत. लहानशाच आहेत, अर्ध्या तासात होतात, टॉर्च हवाच.

मग नदीच्या सोबतीनेच चांदर. हेच जुनं चंद्रपूर, गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याची राजधानी. चर्चसमोरचं ब्रागांझा घर, म्हणजे पोर्तुगीज काळातला मोठा वाडा, पाहायला सगळे येतात, पण आधी कोट भागात जा. १९२९ साली इतिहास संशोधक फादर हेरास यांनी तिथे उत्खनन केलं. शिवमंदिराचे अवशेष आणि मुंडकं नसलेला दगडी नंदी तिथे आहे. सकाळचा बैल डोळ्यांत असताना हा नंदी पाहावा, म्हणूनच हा क्रम सांगतोय.

ब्रागांझा घराचे दोन भाग, दोन कुटुंबांचे. पश्चिमेकडच्या भागात पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचा ग्रंथसंग्रह, पूर्वेकडे झुंबरांचं नृत्यदालन. लोक तिथे राहतात, तेव्हा आत जाण्याआधी हाक द्या, फोटोची परवानगी विचारा. देखभाल देणगीवर चालते, म्हणून दोन्हीकडे वेगवेगळी देणगी द्यायची. सुटे पैसे जवळ ठेवा.