नाशिक, मिसळ आणि चिंध्यांच्या सात गोण्या

मागच्या शनिवारी कल्याणहून तपोवन पकडून नाशिकला गेले ते खरंतर मिसळ खायला. पण मावसभाऊ नाशिकरोडला घ्यायला आला तोच टेम्पो घेऊन, मागे सात गोण्या. "चल, आधी चिंधी टाकून येऊ, मग खाऊ." मिसळ शेवटी दोन वाजता मिळाली, पाव संपलेले, जाऊ दे.

दादाचं अंबडला शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे. वाटेत तिथे थांबलो तर टेबलावर कापडाचे पन्नासेक थर एकावर एक, वरती मार्करचा, म्हणजे तुकड्यांचे आकार आखलेला कागद आणि कटिंग मास्तर मशीन फिरवतोय. बगलेचा गोल, कॉलरचा गोल ह्यांच्यामध्ये जे त्रिकोण उरतात ते गेलेच. कटिंगमध्ये साधारण 10 ते 15 टक्के कापड असं जातं आणि चौकडीचं कापड असेल तर अजून जास्त, कारण शिवणीवर चौकडी जुळवायची असते ना. घंटागाडीचं नाशिककरांना भारी कौतुक, पण दादाच्या गोण्या काही ती घेत नाही.

चिंधी घेणाऱ्याचं गोडाऊन म्हणजे पत्र्याची शेड. आत सात-आठ बायका चिंध्यांच्या ढिगात बसून पांढरं वेगळं, रंगीत वेगळं, होजिअरी वेगळी करत होत्या, हात इतके भराभर चालतात की बघत बसावं. एका मावशींना विचारलं, कळतं कसं हो? तर म्हणाल्या हाताला कळतं. मी तरी खोदत राहिले म्हणून त्या उठून बाहेर रस्त्यावर आल्या, दोन धागे काढले आणि काडी लावली. पहिला भुरुभुरु जळाला, कागद जळाल्यासारखा वास आणि राख बोटात चुरली. दुसरा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी. "हा तुमच्या दादाचा टेरीकॉट. ह्याचं काय करू सांगा."

आता खरी गंमत इथे आहे. होजिअरीची चिंधी, म्हणजे बनियनचं कापड, इथेच अंबड-सातपूरच्या मशीन शॉपमध्ये हातोहात जाते, तेल पुसायला. (एकदा तेल पुसलं की तीच चिंधी 2016च्या नियमांनी घातक कचरा होते, म्हणजे रिसायकल झाली म्हणायचं की नुसती एक स्टॉप पुढे गेली, मला तरी कळलं नाही.) रंगीत सुती आणि लोकरीचं पानिपतला जातं. तिथे मशीनवर कापड फाडून परत तंतू करतात आणि रंगाप्रमाणे निवडलेलं असलं की डाय करायची गरजच पडत नाही. फक्त फाडताना तंतू आखूड होतात त्यामुळे सूत जाड निघतं, त्याच्या चादरी-ब्लँकेट होतात, शर्ट नाही. आणि टेरीकॉट? त्यात पॉलिएस्टर आणि कॉटन सुतातच एकत्र पिळलेलं, वेगळं करायचं तर केमिकल लागणार, ते ह्या शेडमध्ये कोण करणार. तेल पुसायलाही उपयोग नाही, "पुसत नाय ताई, नुसतं पसरवतं." पोरांनी वर्षभर मातीत लोळावं तरी युनिफॉर्म टिकावा, इस्त्री लागू नये म्हणून शाळा टेरीकॉट मागतात आणि तेच गुण नंतर आडवे येतात. त्यातलं पॉलिएस्टर कुजतही नाही.

सातपैकी दोन गोण्या विकल्या गेल्या, त्यांचे पैसे टेम्पोच्या डिझेलला गेले. पाच परत आल्या आणि दादाच्या जिन्याखाली आधीच्या गोण्यांवर जाऊन बसल्या. दादा म्हणतो सिझन संपला की बघू. वहिनीने त्यातलीच एक भरून लोड शिवलाय, त्याला टेकूनच हे टाईप करतेय, पाठ पार मोडली.