आत्तींसोबत दाजीपूरला मुक्काम

कोल्हापूरकराला दाजीपूर म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची जागा. धरण बघायचं, जंगलात जीपची फेरी मारायची, येताना कुठंतरी तांबडा-पांढरा ओरपायचा, झालं. मुक्काम फारसं कोणी करत नाही. या फेब्रुवारीत आम्ही केला, आणि आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बरोबर नेलं. त्यांचं माहेर राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीत, रानाला लागून. त्यामुळं बेत ऐकल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "गवा बघाय पैसं द्यायचं?"

ऊसतोड जोरात होती. फुलेवाडी सोडल्यापासून भोगावती कारखान्यापर्यंत जोड ट्रॉल्यांच्या मागं मागं रांगत गेलो. राधानगरी मागं पडल्यावर ऊस विरळ होत जातो आणि रस्ता सावलीत शिरतो. तिथून पुढं गाडीची काच खाली करून बसावं.

आमचं कॉटेज साधंच. कौलारू छप्पर, दोन खाटा, पुढं व्हरांडा. फोनला रेंज नाही. जेवायला नाचणीची भाकरी, पिठलं आणि खर्डा. आमच्या भाऊजींना हा बेत आधी कळला असता तर ते गाडीत बसलेच नसते.

रात्री जेवणं झाल्यावर गावातला गाइड पोरगा व्हरांड्यात येऊन बसला. हे रान 1958 मध्ये गव्यांसाठी राखीव झालं, पुढं हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं, आता 351 चौरस किलोमीटर आहे, 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, असं सगळं तो पाठ असल्यासारखं सांगत होता. आत्तींनी ते ऐकून घेतलं आणि मग स्वतःचं सुरू केलं. त्या लहान असताना भात पोटरीला आलं की वडील शेतात माळा बांधायचे. दादा आणि ते आळीपाळीनं रात्रभर पत्र्याचा डबा बडवत बसायचे. एखाद्या रात्री डोळा लागला की सकाळी वावरात नुसता चिखल. "एक गवा खातोय कमी, तुडवतोय जास्त," त्या म्हणाल्या. पोरगा पाठ केलेलं विसरून गेला. त्याच्याही घरी तेच. आता पाणी आलंय, भाताच्या जागी ऊस आलाय, आणि उसात गव्याला खायलाही मिळतं आणि दडायलाही, असं तो म्हणाला. 2021 च्या डिसेंबरात गवे पार शिवाजी पुलाच्या आसपास आले होते, तेव्हा शहराला कळलं गवा म्हणजे काय. तोवर आम्हाला तो फक्त फोटोतला.

पहाटे जीपनं सावराई सड्याकडं निघालो. वाटेत एका उंच झाडावर शेकरूचं काटक्यांचं घरटं दिसलं, शेकरू मात्र नाही. सडा म्हणजे उघडा कातळ, पावसाळ्यानंतर फुलांनी भरतो, फेब्रुवारीत करडा आणि कोरडा. कळप दिसला तो परतीच्या वाटेवर, झाडीच्या कडेला. काळेभोर अंग आणि गुडघ्याखाली पांढरे पाय, मोजे घातल्यासारखे. मुलगी श्वास रोखून बघत होती. आत्ती हळूच म्हणाल्या, "कळपातला काय करत न्हाई. एकटा दिसला तर मागं फिरायचं." गाइडनं मान हलवली.

खरं सांगायचं तर मला त्या कळपापेक्षा त्या दोघांचं बोलणं जास्त आठवतंय. पिकाची नुकसानभरपाई कशी मागायची हे आत्तींनी त्याच्याकडून खोदून खोदून विचारून घेतलं. नुकसान झाल्यावर तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवायचं, मग वनखातं, कृषी आणि तलाठी मिळून पंचनामा करतात. तोवर वावराला हात लावायचा नाही, फोटो काढून ठेवायचे.

परत येताना त्यांनी गाडी माहेरी वळवायला लावली. चहा व्हायच्या आधीच भाच्याला समोर बसवून सगळं सांगितलं. त्याचा ऊस गेल्या महिन्यातच तुडवला गेला होता. म्हणजे मुदत गेलेली, आणि त्यानं खोडवा पण साफ करून टाकलेला. आत्तींनी त्याला चांगलं झापलं आणि गाइडचा नंबर त्याच्या फोनमध्ये घालायला लावला.