तुम्ही विचारलंत म्हणून: स्पात गेल्यावर नेमकं काय घ्यावं?

"यादीत एवढी नावं असतात, त्यातलं काय घेऊ?" मी गोव्यात स्पामध्ये थेरपिस्ट आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतो. पेडण्याच्या माझ्या नातेवाइकांपासून पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळेच तो विचारतात. माझं म्हणणं असं, की नावं थोडा वेळ बाजूला ठेवा. बहुतेक उपचारांत अंगाला मिळतो तो दाब, शेक, तेल आणि तासाभराची विश्रांती. नाव बदलतं तसं यांचं प्रमाण बदलतं. यातलं तुम्हाला काय चालेल हे मात्र यादी सांगत नाही. ते तुम्ही आम्हाला सांगायचं असतं.

स्वीडिश मसाज म्हणजे तेल लावून लांब हात फिरवणं, स्नायू मळणं, हलकं थोपटणं. एकोणिसाव्या शतकातले डच डॉक्टर योहान मेझगर यांनी या हालचालींची घडी बसवली असं मानतात. पहिल्यांदा येणाऱ्याला मी बहुधा हाच सुचवते. डीप टिश्यूमध्ये दाब खोलवर जातो, हात सावकाश फिरतो. खांदे-पाठ आखडलेल्यांना तो बरा वाटतो. पण "जेवढं दुखेल तेवढं चांगलं" ही समजूत मला अजिबात पटत नाही. दुखण्यामुळे तुम्ही श्वास रोखून धरलात तर स्नायू आणखी ताठरतो आणि माझी मेहनत फुकट जाते. दाब कमी करा, हे वाक्य उच्चारायला कुणीही संकोचू नये. थाई मसाज वेगळाच. तो जमिनीवरच्या गादीवर, सैल कपडे घालून, तेलाशिवाय होतो आणि त्यात ताण देणं जास्त असतं. युनेस्कोने २०१९ मध्ये त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. गुडघ्याचं किंवा मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

अभ्यंग आपल्याला नवा नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे आपण तेल लावतो, बाळंतिणीला आणि बाळाला लावतो. स्पात तेच काम कोमट तेलाने, बहुधा तिळाच्या, डोक्यापासून तळव्यापर्यंत पद्धतशीर होतं. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अभ्यंग रोज करावा असं सांगितलं आहे, आणि लगेच कोणी करू नये तेही: कफाने ग्रस्त असलेल्याने, नुकतंच शोधन (उलटी-जुलाब देऊन केलेली शरीरशुद्धी) झालेल्याने आणि ज्याला अजीर्ण आहे त्याने. दुपारी भरपेट शीतकडी (भात आणि कालवण) जेवून थेट टेबलावर पालथं झोपणाऱ्यांना मी ही यादी नेहमी ऐकवते.

शिरोधारेत कपाळावर कोमट तेलाची बारीक, अखंड धार सोडतात. तेलाऐवजी औषधी ताक वापरलं की ती तक्रधारा. डोळ्यांवर कापूस ठेवलेला असतो, आणि कित्येकांना तिथेच झोप लागते. त्यानंतर लगेच स्कूटर चालवू नका. एक गोष्ट मला मनापासून खटकते: अभ्यंग, वाफ आणि शिरोधारा एकत्र करून त्याला "पंचकर्म" म्हणून विकणं. पंचकर्मं म्हणजे वमन (उलटी करवणं), विरेचन (जुलाब देणं), बस्ती (एनिमा), नस्य (नाकात औषध सोडणं) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणं). अभ्यंग आणि स्वेदन (वाफेने घाम काढणं) ही त्यांच्या आधीची तयारी. खरं पंचकर्म हवं असेल तर वैद्याकडे जा. गोव्यातच धारगळला २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं रुग्णालय सुरू झालं आहे, शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथे नाडी बघतील, पोटाचं विचारतील, मगच पुढचं ठरवतील.

आता शेकाबद्दल, कारण माझा जीव सगळ्यात जास्त इथे अडकतो. हॉट स्टोनमध्ये काळे, गुळगुळीत बसाल्टचे दगड पाण्यात तापवून पाठीवर ठेवतात. बसाल्ट उष्णता बराच वेळ धरून ठेवतो. निरोगी माणसाला ते सुखाचं वाटतं. पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. दगड जास्त गरम आहे हे त्या माणसाला कळतच नाही, आणि मधुमेहात भाजलेली जखम लवकर भरत नाही. आम्ही सुरुवातीला फॉर्म देतो तो यासाठी. बरेच जण सगळीकडे "नाही" लिहून मोकळे होतात. शुगर आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, दिवस गेलेत, हे लिहायला कृपा करून लाजू नका. ते वाचून मी दगड बाजूला ठेवते, दाब हलका करते, गरोदर बाईला कुशीवर झोपवते. किंवा स्पष्ट सांगते की आज नको.

सॉना ही तापवलेली खोली कोरडी असते, साधारण ८० ते १०० अंशांची. स्टीम रूम पन्नासच्या आतबाहेर, पण वाफेने भरलेली. दोन्हींत रक्तवाहिन्या पसरतात आणि घामाने अंगातलं पाणी कमी होतं. बीचवर दोन बिअर घेऊन आत बसलात तर भोवळ येऊ शकते. घामावाटे "विषं" निघतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. तळपायाच्या रिफ्लेक्सॉलॉजीचंही तसंच. पाय दाबून घेणं सुंदरच वाटतं, पण अमुक बिंदू दाबल्याने अमुक अवयव बरा होतो याला पुरावा नाही.

उन्हात लाल झालेल्या कातडीवर मिठाचा स्क्रब नको, वॅक्सिंग केलेल्या दिवशीही नको. अरोमाथेरपीत, म्हणजे सुगंधी तेलांच्या मसाजमध्ये, बर्गामॉट (लिंबासारखं एक फळ) किंवा लिंबाचं तेल वापरलं असेल तर त्या दिवशी उन्हात बसू नका, त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात. म्हणून असा मसाज मी संध्याकाळी घ्यायला सांगते. आणि लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर चोळून घ्यायला येऊ नका, थेट डॉक्टरांकडे जा. आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

बायका हळू आवाजात विचारतात, कपडे किती काढायचे? तुम्हाला बरं वाटेल तेवढेच. अंगावर चादर असते आणि ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा करतात. थेरपिस्ट बाईच हवी हे बुकिंग करतानाच सांगा. मध्येच नको वाटलं तर थांबवा, कारण द्यावं लागत नाही. हाच हक्क आमचाही आहे. मणिपूर, नागालँडहून घर सोडून आलेल्या माझ्या सहकारी मुली शिकून हे काम करतात, आणि वाकडी मागणी झाली की त्या उपचार थांबवून खोलीबाहेर येतात. तसं करायला त्यांना पाठबळ देतो तोच स्पा मी चांगला मानते.

हल्ली सगळ्यात जास्त विचारतात ते आईबद्दल. "साठी झाली, शुगर आहे, गुडघे दुखतात, तिला काय देऊ?" हलक्या हाताचा अभ्यंग द्या, दगड नको, स्टीम नको. गुडघा सुजलेला किंवा गरम असेल तर तेवढा भाग सोडायला सांगा. तिच्या गोळ्यांची नावं तुम्ही स्वतः फॉर्मवर लिहा, ती लिहिणार नाही. आणि टेबलावरून उतरण्याआधी तिचे तळवे कोरडे पुसून घ्या. तेलकट पाय लादीवर फार पटकन घसरतात.